पन्नासाव्या वर्षाचा माणूस

"ह्यांचा हात आत्ता भाजलाय, भाऊ, आणि पैसे सुगीनंतर? हात काय सुगीपर्यंत थांबणार आहे का?"

गावच्या मदत मंडळाच्या खोलीत, पंख्याखाली उभी राहून कुंभारीण बोलत होती. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. त्यांची लाकडाची वखार आहे. गावात कोणाला दार करायचं असो की सरण रचायचं, त्यांच्याकडेच जावं लागतं, त्यामुळे त्यांना कोणी घाई केलेली फारशी चालत नाही. शेजारी मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण छडी फक्त हातातून गेली, बोलण्यातून नाही. ते मंडळाचे चिटणीस. मी कुंभारणीबरोबर सोबतीला गेले होते. माझी पिठाची गिरणी तिच्या घराला लागून आहे, भिंत एकच. सोबतीला आलेल्या बाईनं गप्प बसायचं असतं, असं म्हणतात. मला ते कधी जमलं नाही.

"वहिनी, बसा आधी," अध्यक्ष म्हणाले. "पाणी घ्या. आम्ही नाही कुठं म्हणतोय? द्यायचंच आहे. तुम्हालाच द्यायचंय. कमिटीनं एकमतानं ठरवलंय. यंदा मंडळाला पन्नास वर्षं होतात, आणि पन्नासाव्या वर्षी मदत कोणाला, तर ज्या बाईनं हे सुरू केलं तिच्याच मुलाला. याहून मोठा योग कोणता?"

"योग राहू द्या. डॉक्टर म्हणालेत महिन्याच्या आत या."

"कार्यक्रम तीन महिन्यांवर आलाय की. दिवस काय, भुर्रकन जातात."

"मग आत्ता पेटीतले द्या. त्या दिवशी जमतील ते परत पेटीत टाका."

हे मला अगदी सरळ वाटलं. कोणालाही वाटेल. पण मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि लहान पोराला बेरीज समजावून सांगावी तसं सांगितलं. "असं बघा. आत्ता पैसे दिले. हात बरा झाला. चांगलंच आहे. पण मग त्या दिवशी स्टेजवर लोकांना दाखवायचं काय?"

मास्तरांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन. खोट असती तर ते असं उघड बोललेच नसते. त्यांना खरंच तो प्रश्न पडला होता, आणि खोलीतल्या कमिटीच्या बाकीच्यांनाही पडला असावा, कारण चार माना हलल्या.

मी म्हटलं, "बरा झालेला हात दाखवा की!"

"गिरणीबाई," अध्यक्ष हसून म्हणाले, "बरा झालेला हात बघून कोण खिशात हात घालतो?"

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात एक भला मोठा रांजण आहे, त्याला नळ बसवलाय, मंडळात येणाऱ्यांना त्यातलं पाणी देतात. कुंभारीण त्याच्याकडे न बघता पायरी उतरली. तो रांजण तिच्या सासूनं घडवलेला.

सगळं सुरू झालं ते त्या रांजणापासून, म्हणून ते आधी सांगते. मी तेव्हा या गावात नव्हते, माझ्या सासूनं सांगितलेलं आहे. एका वर्षी नदी दोनदा शेतात शिरली. पेरलेलं गेलं, पुन्हा पेरलेलंही गेलं. तेव्हा थोरली कुंभारीण, म्हणजे या कुंभाराची आई, तरणी होती. तिच्या दारात एक बाई आली आणि उगाच उन्हापाण्याचं बोलत उभी राहिली. बराच वेळ बोलली आणि तशीच गेली. दाणे मागायला आली होती, पण तोंडातून शब्द फुटला नाही. थोरलीला हे नंतर कळलं, जेव्हा त्या घरातलं तान्हं गेलं.

मग तिनं हा रांजण घडवला. भट्टीमागच्या खोलीत ठेवला. त्या खोलीला खिडकी नाही, दार लावलं की स्वतःचं नाक दिसत नाही. आणि गावाला सांगितलं, सुगी झाली की प्रत्येक घरातल्या एकानं पिशवी घेऊन इथं यायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. पाटबंधाऱ्याचा साहेब असो की दुसऱ्याच्या बांधावर राबणारा. एकेकट्यानं आत जायचं, दार लावायचं. ज्याच्याकडे आहे त्यानं टाकायचं, ज्याला नाही त्यानं काढायचं, आणि पिशवी काखेत धरून बाहेर यायचं. आत काय केलं ते विचारायचं नाही, सांगायचं तर मुळीच नाही. सगळेच पिशवी घेऊन आत जाणार, सगळेच पिशवी घेऊन बाहेर येणार. कोण दाता आणि कोण भुकेला, हे त्या अंधाराला ठाऊक.

चाललं ते बरीच वर्षं. गंमत म्हणजे रांजण कधी रिकामा पडला नाही. माझी सासू म्हणायची, "अगं, एक वर्ष मी काढलं, पुढची सहा वर्षं टाकलं. पण तुझ्या सासऱ्याला काही म्हणजे काही कळू दिलं नाही." आणि सासरे मरताना मला म्हणाले, "एका वर्षी मी काढलं होतं, तिला सांगू नको." असा तो कारभार.

मग या कारभाराला मंडळ असं नाव आलं आणि वखारवाले अध्यक्ष झाले. त्यांना हे सगळं भोंगळ वाटलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस अंधारात देतो तेव्हा मूठभर देतो, उजेडात देतो तेव्हा पोतं देतो. आणि खोटं कशाला बोलू, त्यांचं खरं निघालं. खोलीत दिवा लागला आणि पहिल्याच वर्षी रांजण उतू गेला. ज्यांनी जन्मात पायली टाकली नसेल ते पोतं खांद्यावर घेऊन रांगेत उभे. पुढच्या वर्षी दारावर फळा आला, कोणी किती दिलं त्याचा. त्याच्या पुढच्या वर्षी धान्य जाऊन नाणी-नोटा आल्या, कारण धान्याला उंदीर लागतात. रांजणाच्या जागी पेटी आली आणि रांजण मंडळाच्या व्हरांड्यात पाण्याला गेला.

काढायला मात्र कोणी येईना. कसं येणार? दिव्याखाली, फळ्यासमोर? दोन वर्षं पेटी नुसती भरत गेली. तेव्हा कमिटीनं असा निष्कर्ष काढला की गरजू लोक लाजाळू असतात, त्यांना आपण शोधलं पाहिजे. म्हणून शोधायला लागले. दरवर्षी एक माणूस निवडायचा. मग त्या माणसाला बघायला गाव जमायचं, म्हणून कार्यक्रम. गाव जमलं म्हणून स्टेज. स्टेज आलं म्हणून माईक, आणि माईक आला म्हणून त्या माणसानं आभाराची तीन वाक्यं बोलायची. ती वाक्यं मास्तर लिहून देतात आणि घोकून घेतात. कार्यक्रम वाढत गेला आणि मदत तेवढीच राहिली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

दिवा लावला त्या दिवशी थोरली कुंभारीण खोलीच्या दारात उभी होती. फक्त एवढंच म्हणाली, "आता इथं पोट भरलेलेच येतील." अध्यक्षांना तो आशीर्वाद वाटला. पुढच्याच थंडीत ती गेली, आणि मंडळानं तिचा मोठा फोटो लावला.

तर असं हे मंडळ, आणि असा त्या बाईचा एकुलता एक मुलगा. चाकावर बसला की माणूस वेगळाच. एरवी मुखदुर्बळ, चार शब्द विचारले तर एक मिळायचा. पण हात असा की माती त्याचं ऐकायची. माझी गिरणी बंद असली की मला त्याच्या चाकाची घरघर भिंतीतून ऐकू यायची, आणि ती थांबली की समजायचं, एक भांडं उतरलं. त्या वर्षी भट्टीचं तोंड आतून खचलं. तो जळण सारत होता. वरची विटांची कमान निखाऱ्यांसकट खाली आली ती थेट उजव्या हातावर. ओरडला नाही. मी पळत गेले तेव्हा तो डाव्या हातानं विटा बाजूला करत होता.

शहरातल्या डॉक्टरांनी हात वाचवला. आठ दिवसांनी त्यांनी कुंभारणीला बाजूला घेतलं. मीही होतेच. म्हणाले, "बाई, नीट ऐका. ही जखम भरणार. तीच तर पंचाईत आहे. भरता भरता कातडं आखडतं, आणि ते बोटांना आत ओढतं. महिन्याच्या आत मांडीचं कातडं काढून इथं लावलं तर बोटं उघडी राहतील. उशीर झाला तर हात मिटेल तो मिटेल. मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही." बोटं सरळ राहावीत म्हणून त्यांनी एक लाकडी पट्टी बांधून दिली, आणि रोज बोटं ताणायला सांगितली. मग खर्चाचा आकडा सांगितला.

तिनं शेळ्या विकल्या, हातगाडी विकली. निम्मे जमले. उरलेल्या निम्म्यांसाठी आम्ही मंडळात गेलो, आणि तिथं जे झालं ते वर सांगितलंच.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर हिंडायला लागली. गाव वाईट नव्हतं. तुम्हाला वाटेल मी टोमणा मारतेय, पण नाही. कोणीही तिला दारातून हाकललं नाही. सगळ्यांनी बसवलं, चहा पाजला, हळहळले. आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं.

शेंगांच्या व्यापाऱ्याची बायको म्हणाली, "आम्ही देणारच आहोत गं. बाजूला काढूनही ठेवलेत. पण त्या दिवशी. आत्ता तुला दिले तर तिथं पुन्हा द्यावे लागतील. दोनदा कुठून आणू?"

"मग तिथं देऊ नका, मावशी. आत्ता द्या."

"असं कसं? तिथं नाव पुकारतात. आमचं पुकारलं नाही तर लोक काय म्हणतील?"

लोहार तर तिचा मानलेला भाऊ. तो म्हणाला, "ताई, तू म्हणशील तर माझा भाता विकतो."

"भाता नको विकूस, दादा. जे तिथं देणार ते दे."

तो ऐरणीवर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "ते मी अध्यक्षांकडे आधीच लिहून दिलंय. पहिल्या पाचांत नाव आहे."

तिनं उसने मागितले. उसनेही कोणी देईना, आणि त्याचं कारण तर ऐकण्यासारखं होतं. "उसने कशाला घेतेस, वेडे? तुला फुकट मिळणार आहेत!" म्हणजे ज्या दिवशी मंडळानं तिला मदत जाहीर केली, त्या दिवसापासून तिला गावात एक दमडीही मिळेनाशी झाली. मंडळानं जाहीर केलं नसतं तर कदाचित दहा घरांतून दहा-दहा करून जमलेही असते. आगीतून फुफाट्यात म्हणतात, तिला गावानं हात धरून फुफाट्यात नेऊन बसवलं.

माझ्या गल्ल्यात होते ते मी दिले. त्यात मोठेपणा काही नाही, मंडळाच्या फळ्यावर माझं नाव कधी नव्हतंच, मला गमवायचं काय होतं? ते पैसे मलमपट्टीला आणि गाडीभाड्याला पुरले.

रोज संध्याकाळी ती त्याची बोटं ताणायची. मी गिरणीचा पट्टा उतरवला की भिंतीपलीकडचं ऐकू यायचं. आधी तिचा आवाज, "तोंडात फडकं धरा." मग काही नाही. मग तिचं मोजणं. मग त्याचा एक आवाज, जनावराच्या घशातून यावा तसा. मग पुन्हा तिचा, "झालं, झालं, एकच राहिलं, करंगळी राहिली." मी पट्टा पुन्हा चढवायची आणि रिकामी गिरणी चालवायची. दगडं घासतात, वीज जळते, माहीत आहे मला. पण ते ऐकवत नव्हतं.

एक दिवस लाकडी पट्टी मधोमध तडकली. बोटांनी तडकवली. एवढी ताकद होती त्या आखडण्यात. ती तुटकी पट्टी घेऊन कुंभारीण पुन्हा मंडळात गेली. या वेळी मी बोलायचं नाही, असं तिनं मला आधीच बजावलं होतं.

तिनं पट्टी टेबलावर ठेवली. "बघा. महिना भरत आला. मी तुमच्या पाया पडते. कार्यक्रम तुमचा करा. मोठा करा. ह्यांना मी स्टेजवर आणते, तुम्ही म्हणाल तसं उभं करते. हाताला फडकं गुंडाळते, आत काय आहे ते कोणाला दिसतंय? पण पैसे आज द्या."

अध्यक्ष गंभीर झाले. "वहिनी, म्हणजे लोकांना फसवायचं? बरा झालेला हात फडक्यात गुंडाळून दया मागायची? पन्नास वर्षांत या मंडळानं खोटं काही केलेलं नाही."

मास्तर तुटकी पट्टी हातात घेऊन बघत होते. म्हणाले, "ही ठेवून जाता का? प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवता येईल."

ती ठेवून आली. दुसरी पट्टी बांधायला आता बोटं सरळ उरलीच नव्हती.

मग मास्तर रोज दुपारी कुंभाराकडे येऊ लागले. तो आपल्या बंद चाकापाशी बसलेला असायचा, तिथंच समोर खुर्ची टाकून बसायचे.

"म्हणा. मी एक अभागी माणूस आहे."

"मी एक अभागी माणूस आहे."

"पाठ केल्यासारखं नको. आतून येऊ द्या. पुढं. माझ्या गावानं मला वाऱ्यावर सोडलं नाही. आणि इथं थांबायचं. लोकांना डोळे पुसायला वेळ द्यायचा. मग तिसरं, मी गावाचा जन्मभराचा ऋणी आहे."

कुंभारानं तिन्ही वाक्यं चार दिवसांत पाठ केली. त्याच्या आयुष्यात तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. मी एकदा कुंपणावरून म्हटलं, "अहो मास्तर, मधे कुठंतरी 'हात' हा शब्द टाका की, नाहीतर लोकांना कळायचं नाही कशाबद्दल चाललंय." त्यांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "नको. तो दिसणारच आहे."

सुगी झाली. कार्यक्रमाचा दिवस आला. शेतं कापून मोकळी झाली होती, वारा सुटला की सगळा धुरळा स्टेजवर येत होता, म्हणून सकाळपासून पाणी मारत होते. मोठा पडदा, त्यावर थोरलीचा फोटो. खुर्च्या कमी पडल्या, लोक गाड्यांवर चढून बसले. प्रत्येक देणगीदाराला प्लास्टिकचा छोटा रांजण भेट, शहरातून मागवलेला. मी तोही बघितला, बुडाला कारखान्याचा शिक्का होता.

कुंभाराला बोलावलं. तो धुतलेला सदरा घालून वर गेला, उजव्या हाताला बायकोनं पांढरं फडकं नीट गुंडाळून दिलेलं. माईकसमोर उभा राहिला आणि तिन्ही वाक्यं बोलला. एकही चुकलं नाही. दुसऱ्यानंतर थांबलाही. पण खळ्यावर माल मोजताना बोलावं तसं बोलला, डोळ्यांत टिपूस नाही. लोक चुळबुळले. पेट्या घेऊन फिरणारी पोरं परत आली तेव्हा पेट्यांचा आवाज हलका होता.

अध्यक्ष त्याच्याजवळ सरकले. माईक चालू आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "फडकं काढ. मागच्यांना काही दिसत नाही."

कुंभारानं डाव्या हातानं फडकं सोडायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना. अध्यक्षांनी स्वतः सोडली. मग त्यांनी तो हात मनगटाला धरून वर उचलला, आणि सावकाश एकदा डावीकडच्यांना, एकदा उजवीकडच्यांना दाखवला.

हात मिटलेला होता. चार बोटं तळव्यात रुतलेली, अंगठा त्यांच्यावर आडवा, आणि वर तांबडं चकचकीत कातडं ताणलेलं. ज्या हातानं गावातल्या प्रत्येक घरातलं पाण्याचं भांडं घडवलं तो हात तो होता. बायका मोठ्यानं रडल्या. पुरुषांनी खिशात हात घातले. लोहार धाय मोकलून रडला आणि पहिल्या पाचांतलं आपलं नाव दुप्पट करून घेतलं. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला इतका राग आला नसता.

कुंभारीण माझ्या शेजारी बसली होती. पेट्या खुळखुळत फिरत होत्या तशी ती त्यांच्याकडे बघत होती. पुटपुटली, "मावशी, पुरतील. पुरून उरतील बघा." तिला अजून आशा होती. मला आशा नव्हती, पण मी म्हटलं, "हो, पुरतील."

दुसऱ्याच दिवशी, मंडळानं दिलेलं पैशांचं पाकीट कनवटीला लावून, पहिल्या गाडीनं ती नवऱ्याला घेऊन शहरात गेली. डॉक्टरांनी हात उलटापालटा करून बघितला. मग तिला विचारलं, "इतके दिवस कुठं होता?"

ती म्हणाली, "पैसे जमवत होतो."

डॉक्टर चिडले नाहीत, तेच वाईट. सावकाश म्हणाले, "आता कापाकापी केली तरी चाकावर बसता येईल असा हात होणार नाही. पैसे वाचवा." वरातीमागून घोडं. घोडं मात्र सजवून आणलेलं.

घरी येऊन दोन दिवस तिनं चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि हिशेब मांडला. शेळ्या-हातगाडीचे पैसे चाक बंद पडल्यापासून घरखर्चातच संपले होते, उरलं होतं ते मंडळाचं पाकीट. या पैशांत बाजाराच्या रस्त्याला एक गाळा येईल, दोन म्हशी येतील, नाहीतर दुसऱ्या कुंभाराला मजुरीवर ठेवता येईल. माती कशी मळायची ते तिला येतंच. मला सांगताना तिचा चेहरा थोडा उजळला होता.

संध्याकाळी अध्यक्ष आणि मास्तर येऊन अंगणात बसले. आधी चौकशी केली, च्-च् केलं, पाणी प्यायले.

"फार वाईट झालं," अध्यक्ष म्हणाले. "आता वहिनी, विषय जरा नाजूक आहे. लोकांनी पैसे दिले ते ऑपरेशनसाठी. ऑपरेशन तर होत नाही."

"म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे आम्ही ते तुमच्याकडे ठेवले तर उद्या लोक आम्हाला विचारतील. एकानं म्हशीसाठी घेतले की दुसरा म्हणेल मला गाळ्यासाठी द्या. मंडळाचा पैसा दिलेल्या कामालाच लागला पाहिजे. स्टेजला पत्रे टाकायचेत, धुरळा किती येतो ते तुम्ही बघितलंच."

मी कुंपणावरून ओरडले, "अहो, हात गेला तुमच्या कार्यक्रमापायी!"

"गिरणीबाई," मास्तर शांतपणे म्हणाले, "हात भट्टीत गेला."

कुंभारीण तोंडाला येईल ते बोलली. तिच्या तोंडून असलं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. दोघांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, दुखावलेल्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं. शेवटी कुंभारच उठला. आत गेला आणि पाकीट आणून त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणाला, "न्या." एवढंच. त्याचा तो नेहमीचा एक शब्द.

मास्तरांनी पावती पुढे केली. कुंभार शाळा शिकलेला, सही वळणदार करायचा, भांड्याच्या बुडाखाली कोरायचा तशी. सवयीनं त्यानं उजवा हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

मास्तर म्हणाले, "काही हरकत नाही. अंगठा तसाही डाव्याच हाताचा लागतो."

तेव्हापासून कुंभार बाजाराच्या तोंडाशी जमिनीवर बसून प्लास्टिकच्या बादल्या विकतो. दुसऱ्याच्या मालकीच्या. कुंभारीण माझ्याकडे गिरणीत कामाला येते, पोती उचलते.

आणि गावाचं म्हणाल तर गाव त्या दिवसापासून एकदम धडधाकट झालं. कमिटीचे लोक पुढच्या वर्षासाठी माणूस शोधायला निघाले, आणि ते गल्लीत दिसले की खोकणारा खोकला गिळायला लागला. बांधबंदिस्तीच्या कामावर ज्याची कंबर गेली, तो मंडळाच्या खोलीसमोरून ताठ चालतो आणि कोपरा वळला की भिंतीला धरून बसतो. एका घरातलं पोर तापानं फणफणलं, तर पहाटेच पोतडीत घालून शेजारच्या गावी नेलं, विचारणाऱ्याला सांगितलं की मामाकडे गेलंय. एक बाई माझ्याकडे दळण आणते, वर ओंजळभर गहू आणि खाली सगळा भुसा. गिरणी सुरू झाल्याचा आवाज गल्लीत गेला पाहिजे, एवढ्यासाठी. मी दळून देते. वर डब्यातलं दोन मुठी पीठ मिसळते. तीही काही विचारत नाही.

पुढची सुगी आली तरी कमिटीला माणूस मिळाला नाही. कार्यक्रम मात्र झालाच, नव्या पत्र्यांखाली. पहिल्या रांगेत कुंभाराला आणि त्याच्या बायकोला बसवलं होतं, मागच्या वर्षीचे मानकरी म्हणून. मी त्यांच्या मागे होते. अध्यक्ष माईकसमोर आले, त्यांचा आवाज भरून आला होता.

"बंधुभगिनींनो, आज तुम्हाला सांगताना अभिमान वाटतो. आम्ही घरोघर फिरलो. एकेक दार वाजवलं. पण या गावात आता एकही गरजू माणूस उरलेला नाही! एकही दुःखी जीव नाही! एक्कावन्न वर्षांपूर्वी एका माउलीनं जे लावलं, त्याला आज फळ आलं!"

सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. कंबर गेलेला वाजवत होता, भुसा दळून नेणारी वाजवत होती, लोहार तर उभा राहून वाजवत होता. कुंभार मांडीवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

माझ्या मागून कोणीतरी दबक्या आवाजात शेजाऱ्याला म्हणालं, "बघा तरी. एवढं केलं गावानं याच्यासाठी, पण मेल्यानं एक टाळी वाजवली नाही."